खेळून पुढे काय?

गेल्या कार्तिकातील गोष्ट. धानाच्या कापण्या आटोपत आल्या होत्या आणि बालाघाटच्या हवेत वैनगंगेवरून येणारा तो ओळखीचा गारवा उतरू लागला होता. आमच्या परिचयाच्या एका मराठी घरी आम्ही सायंकाळी सहज म्हणून गेलो. घरातील कन्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. उंच, सडपातळ, चालताना जरा घाईत असल्यासारखी. तिची महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघात निवड झाली होती आणि चार दिवसांच्या स्पर्धेसाठी संघ परगावी जावयाचा होता. घरात त्यावरून थोडे तंग वातावरण होते. आमची अशी कल्पना, की आजीबाईंचा विरोध असेल. तो मुळीच नव्हता. आजीबाई म्हणाल्या, “जाऊ द्या तिला. आम्ही कुठे गेलो नाही, म्हणून काय मोठं मिळालं?” विरोध वडिलांचा होता, आणि तो मर्यादेच्या प्रश्नावरून नव्हता, हिशेबावरून होता. त्यांनी आम्हांस विचारले, “काका, चार दिवस अभ्यास बुडवायचा, खर्च करायचा, गुडघे फोडून घ्यायचे. ठीक आहे. पण खेळून पुढे काय?”

आम्हांस त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. चहा घेतला आणि घरी आलो. परंतु प्रश्न मनातून जाईना. कारण तो एका गृहस्थाचा नाही, आपल्या सर्वांचाच आहे. भोसल्यांच्या अमदानीपासून या मुलखात स्थिरावलेली आपली घराणी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो, तरी आपण मराठी टिकविली, आणि मुलींना शिकविले. त्याचा आपणांस रास्त अभिमान आहे. आपल्या मुली डॉक्टर झाल्या, प्राध्यापिका झाल्या, बँकांत गेल्या. पण मैदानावर गेलेल्या मुलीविषयी बोलावयाचे झाले, की आपण शाळेतल्या पेल्यांची आठवण काढतो आणि लगेच तिच्या लग्नाकडे वळतो.

म्हणून या प्रश्नाचे उत्तर शोधण्याकरिता आम्ही थोडे दूर जाणार आहोत. फार दूर, अमेरिकेतील टेनेसी राज्यात. तेथील एका शेतकऱ्याच्या मुलीची ही हकीकत आहे. ती जगातील सर्वांत नामांकित बास्केटबॉल प्रशिक्षिकांपैकी एक झाली, ही गोष्ट आमच्या दृष्टीने दुय्यम. तिच्या बापाने काय केले, ते आम्हांस अधिक सांगावयाचे आहे.

पॅट्रिशिया हेड हिचा जन्म १४ जून १९५२ चा, टेनेसीतील क्लार्क्सव्हिल गावचा. पाच भावंडांत ती चौथी. तीन थोरले भाऊ आणि एक धाकटी बहीण. वडील रिचर्ड हेड हे उंचेपुरे, अबोल आणि कमालीचे कडक शेतकरी. घरी तंबाखूचे पीक, गाई, दूधदुभते. पोर मुलगा की मुलगी, हे कामाच्या वाटणीत पाहिले जात नसे. पॅट पहाटे गोठ्यात जाई, तंबाखूच्या रानात राबे, गवताचे भारे वाही. आपल्याकडे ज्याने धानाच्या बांधीत कंबर वाकवून रोवणी केली आहे, त्यास हे बालपण समजावून सांगावे लागणार नाही.

दिवसभराचे काम संपले, की ही भावंडे गवताच्या कोठाराच्या माळ्यावर चढत. आपण ज्या उंचीवर तणस रचून ठेवतो, तसाच तो माळा. तेथे वडिलांनी एक कडी ठोकून दिली होती आणि वर दिवा टांगला होता. दोघे इकडून, दोघे तिकडून, असा रात्री खेळ चाले. थोरले भाऊ बहिणीस हातचे राखून खेळवीत नसत. ती पडली तर उठेपर्यंत खेळ थांबत नसे. या माळ्यावरच आपण खेळ शिकलो, असे तिने पुढे अनेकदा सांगितले.

आता मुख्य गोष्ट. पॅट माध्यमिक शाळेत जाण्याच्या वयाची झाली तेव्हा असे लक्षात आले, की क्लार्क्सव्हिलच्या ज्या शाळेत तिचे नाव जावयाचे, तेथे मुलींचा बास्केटबॉल संघच नाही. शेजारच्या चीथम परगण्यातील शाळेत मात्र तो होता. रिचर्ड हेड यांनी फारशी चर्चा केली नाही. त्यांनी बिऱ्हाड हलविले. सगळे कुटुंब हेन्रिएटा नावाच्या गावी, परगण्याच्या सीमेपलीकडे राहावयास गेले, कारण त्या बाजूला राहिले तरच मुलीस त्या शाळेत प्रवेश मिळणार होता.

आपल्याकडे मुलाच्या शिक्षणासाठी घर नागपुरास किंवा जबलपुरास नेल्याची उदाहरणे प्रत्येक आळीत सापडतील. मुलीच्या शिक्षणासाठीही अलीकडे सापडू लागली आहेत. मुलीच्या खेळासाठी घर हलविल्याचे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. आणि हा गृहस्थ काही पुढारलेल्या विचारांचा, व्याख्याने देणारा सुधारक नव्हता. मुलीस मायेने जवळ घेणेही त्यास जमत नसे. वडिलांनी आपणांस पहिल्यांदा मिठी मारली तेव्हा आपण त्रेचाळीस वर्षांच्या होतो, असे त्या मुलीनेच पुढे सांगितले आहे. तेव्हा ती चार राष्ट्रीय विजेतीपदे मिळवून बसली होती.

शाळा संपली आणि १९७० साली ती मार्टिन येथील टेनेसी विद्यापीठाच्या शाखेत गेली. तिच्या भावांना खेळाच्या बळावर शिष्यवृत्त्या मिळाल्या होत्या. तिला मिळाली नाही. गुणांत ती कमी होती म्हणून नव्हे, तर मुलींना खेळासाठी शिष्यवृत्ती द्यावयाची असते ही कल्पनाच तेथे नव्हती. तिची फी आईवडिलांनी भरली. एकाच माळ्यावर एकाच कडीत चेंडू टाकणाऱ्या भावंडांना जगाने असा वेगळा भाव दिला. या अन्यायाची चीड पुढे तिच्या सगळ्या कामात दिसते, जरी ती त्याविषयी फार बोलत नसे.

येथे वाचकांस थोडे मागे नेणे आवश्यक आहे. बास्केटबॉल हा खेळ १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने शोधून काढला. हिवाळ्यात घरात कोंडलेल्या तरुणांना काही तरी उद्योग हवा, म्हणून त्यांनी व्यायामशाळेच्या कठड्याला पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. जवळच नॉर्दॅम्प्टन येथे स्मिथ कॉलेज हे मुलींचे महाविद्यालय होते. तेथे सेंडा बेरेन्सन नावाची तरुण शिक्षिका व्यायाम शिकवीत असे. तिचा जन्म १८६८ चा, लिथुआनियातील. लहानपणी ती बॉस्टनला आली. शरीराने नाजूक, आणि प्रकृती सुधारावी म्हणूनच व्यायामशिक्षणाकडे वळलेली. तिने नेस्मिथचा खेळ वाचला, मुलींसाठी त्याचे नियम बदलले आणि १८९३ साली पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या मुलींत सामना लावला. पुरुषांना आत येण्यास मनाई होती. प्रारंभीच तिने वर फेकलेल्या चेंडूच्या वेळी धक्का लागून एका मुलीचा खांदा निखळला. तो बसविला गेला, दुसरी मुलगी उभी राहिली आणि खेळ पुढे चालला.

बेरेन्सनबाईंनी बदललेले नियम काय होते, ते पाहण्यासारखे आहे. मैदानाचे तीन भाग करावयाचे आणि प्रत्येक मुलीने आपल्या भागातच राहावयाचे. दुसरीच्या हातातून चेंडू हिसकावून घ्यावयाचा नाही. तो तीन सेकंदांहून अधिक हाती ठेवावयाचा नाही. मुलींनी फार धावू नये, फार दमू नये, खरचटू नये, अशी ही काळजी. बाईंना दोष देण्याचे आमच्या मनात नाही. हे नियम नसते, तर त्या काळच्या प्राचार्यांनी आणि पालकांनी मुलींना खेळूच दिले नसते. दार किलकिले करण्यासाठी त्यांना ही किंमत द्यावी लागली. त्यांनी १९०१ पासून स्त्रियांच्या नियमांची पुस्तिका संपादिली, आणि १९०५ ते १९१७ या काळात नियमसमितीचे अध्यक्षपद सांभाळले. महाविद्यालयातील स्त्रीक्रीडेची पहिली प्रशासक म्हणावयाचे तर त्यांनाच म्हणावे लागेल.

पण किलकिले केलेले दार तेवढेच राहिले. तीन भागांचे पुढे दोन झाले. सहा मुलींपैकी तिघींनी केवळ चढाई करावयाची, तिघींनी केवळ बचाव, आणि मधली रेषा कोणीही ओलांडावयाची नाही. महाविद्यालयांतून हा प्रकार १९७१ पर्यंत गेला. टेनेसीच्या शाळांतून मात्र तो चालूच होता. पॅटने शाळेत हाच अर्ध्या मैदानाचा खेळ खेळला होता. म्हणजे माळ्यावर भावांबरोबर पूर्ण खेळ, आणि शाळेत रेषेपाशी थांबावयाचे! प्रशिक्षिका झाल्यावर तिने या नियमांस उघड विरोध केला. आपल्याच राज्यातील शाळांमधून येणाऱ्या मुलींना अर्धाच खेळ येतो, अशी तिची तक्रार होती. १९७९ मध्ये टेनेसीने तो नियम सोडला. आयोवा राज्यात तो १९९३ पर्यंत आणि ओक्लाहोमात १९९५ पर्यंत टिकला, हे वाचून आम्हांस नवल वाटले. अमेरिकेविषयी आपल्या मनात जे चित्र असते त्यात असे कोपरे नसतात.

१९७४ च्या जानेवारीत, महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षी, पॅटच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. त्या काळी अशा दुखापतीनंतर खेळणे संपलेच असे समजत. वडिलांनी डॉक्टरांस बजावले, की गुडघा नीट करा, मुलीस ऑलिंपिकला जावयाचे आहे. १९७६ साली माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या बास्केटबॉलला प्रथमच प्रवेश मिळाला, आणि अमेरिकेच्या संघाने तेथे रौप्यपदक जिंकले तेव्हा ही मुलगी त्याची सहकर्णधार होती. आठ वर्षांनी, १९८४ मध्ये लॉस एंजलिसला, सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाची ती प्रशिक्षिका होती.

मधल्या काळात नोकरी लागली होती. १९७४ साली नॉक्सव्हिल येथील टेनेसी विद्यापीठात ती पदव्युत्तर शिक्षणासाठी साहाय्यक म्हणून गेली. तिने बास्केटबॉल संघास थोडी मदत करावयाची, एवढेच ठरले होते. तोच संघाच्या प्रशिक्षिका रजेवर गेल्या आणि बावीस वर्षांच्या या मुलीस मुख्य प्रशिक्षिका करण्यात आले. वेतन महिना २५० डॉलर. संघातील काही मुली तिच्याहून वर्षभरानेच लहान. तिला स्वतःचा अभ्यास होता, वर्गांवर शिकविणे होते, दुखावलेल्या गुडघ्याचा व्यायाम होता आणि हा संघ होता. गणवेश विकत घेण्यासाठी मुलींनी डोनट नावाची गोड वडी विकून पैसे उभे केले. ते गणवेश बाई स्वतः धूत. सामन्याला जावयाची गाडी बाई स्वतः हाकीत. मुक्कामाला खोली परवडत नसे तेव्हा प्रतिपक्षाच्या व्यायामशाळेत जमिनीवर अंथरूण टाकून सगळ्या झोपत.

आपल्या महाविद्यालयांतील क्रीडाशिक्षकांनी हा परिच्छेद वाचला, तर ते हसतील आणि म्हणतील, यात नवे काय? तेच आम्हांस सांगावयाचे आहे.

७ डिसेंबर १९७४ रोजी त्यांचा पहिला सामना झाला. तो त्या एका गुणाने हरल्या, ८४ विरुद्ध ८३. प्रेक्षक जेमतेम पन्नास. पुढील अडतीस वर्षांचा हिशेब असा: १,०९८ विजय, २०८ पराभव, आठ राष्ट्रीय विजेतीपदे, आणि पराभवांची संख्या विजयांहून अधिक भरली असे एकही वर्ष नाही. १९९७-९८ च्या हंगामात एकोणचाळीस सामने आणि एकोणचाळीस विजय. त्या निवृत्त झाल्या तेव्हा अमेरिकेच्या वरिष्ठ महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये, पुरुष काय आणि स्त्रिया काय, इतके विजय कोणत्याही प्रशिक्षकाच्या नावावर नव्हते. तो विक्रम पुढे २०२० मध्ये मोडला गेला, आणि तोही टॅरा व्हॅनडरव्हीर या एका स्त्रीनेच मोडला. २५० डॉलरांवर आरंभ झालेले वेतन २००६ साली वर्षाला दहा लाख डॉलरांपलीकडे गेले. पन्नास प्रेक्षकांच्या जागी वीस हजारांहून अधिक आसनांचे क्रीडागृह आले, आणि २००५ पासून त्यातील मैदान त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. १९८० साली विवाह होऊन त्या पॅट समिट झाल्या होत्या. पुढे तो संसार टिकला नाही, पण नाव टिकले.

समिटबाईंची शिस्त मात्र फार कठोर होती, आणि त्याबाबत आमचे मत पूर्णपणे अनुकूल नाही. पहिल्याच वर्षी निवडचाचणीत त्यांनी मुलींना असे पळविले, की चौघी पळता पळता दारातून बाहेर गेल्या त्या परत आल्याच नाहीत. एकदा मुलींनी रात्री उशिरापर्यंत मजा केली असे कळले, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यांनी मैदानाच्या चार कोपऱ्यांत कचऱ्याच्या बादल्या ठेवल्या आणि मुलींना ओकारी येईस्तोवर धावावयास लावले. याची कौतुकाने आठवण सांगणाऱ्यांत त्या मुलीही आहेत. तरीही कोणा शिक्षकाने येथे असे केले, तर आम्ही त्याच्या बाजूने उभे राहणार नाही.

परंतु त्यांचे दुसरे काही नियम आम्हांस मनापासून पटतात. खेळाडू मुलीने वर्गात पहिल्या तीन रांगांत बसलेच पाहिजे. विनाकारण तास बुडविला, तर सामना बुडाला. अडतीस वर्षांत त्यांच्या हाताखाली १६१ मुली खेळल्या, आणि त्यांपैकी ज्यांनी खेळाची मुदत पूर्ण केली, त्यांतील एकही पदवीवाचून राहिली नाही. अभ्यास बुडेल, या बालाघाटच्या गृहस्थांच्या काळजीला याहून चांगले उत्तर आम्हांस सापडले नाही. आणखी एक बारीकशी प्रथा: प्रशिक्षकांनी चूक दाखविली, की मुलीने सबब सांगावयाची नाही, केवळ “रिबाउंड” एवढा एक शब्द उच्चारावयाचा, आणि स्तुती केली तर “टू पॉइंट्स” म्हणावयाचे. घरोघरी ही प्रथा आणावी, असे आम्ही सुचविले असते. पण आमच्याच घरी ती कितपत पाळली जाईल याची शंका आहे.

हे सगळे एका बाईच्या कर्तबगारीने झाले काय? नाही. २३ जून १९७२ रोजी अमेरिकेत एक कायदा झाला. सरकारी मदत घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेस मुलगी म्हणून कोणालाही वगळता येणार नाही, असे त्याचे सार. त्यात खेळाचा शब्दही नव्हता. पण खेळ हा शिक्षणाचाच भाग ठरला आणि महाविद्यालयांना मुलींसाठी संघ, पैसा, शिष्यवृत्ती देणे भाग पडले. कायद्यापूर्वी तेथील शाळांत सुमारे २ लाख ९४ हजार मुली खेळत असत. ती संख्या पुढे तीस लाखांपलीकडे गेली. कायदा झाला म्हणजे पैसा आपोआप येत नाही, तो मागणारे कोणी तरी कचेरीत बसलेले लागते. टेक्सास विद्यापीठात १९७५ साली डॉना लोपियानो या स्त्रियांच्या क्रीडाविभागाच्या संचालिका झाल्या. टेक्साससारख्या फुटबॉलवेड्या राज्याचा सिनेटर उत्पन्न देणारे खेळ या कायद्यातून वगळावेत असा आग्रह धरीत असता त्यांनी त्याविरुद्ध वॉशिंग्टनला जाऊन साक्ष दिली. नवी नोकरी असताना असे करावयास धैर्य लागते. त्यांनीच १९७६ मध्ये जोडी कॉनराट यांस प्रशिक्षिका म्हणून आणले. कॉनराटबाईंनी १९८६ साली चौतीसपैकी चौतीस सामने जिंकून राष्ट्रीय विजेतीपद मिळविले, कारकीर्दीत एकूण नऊशे सामने जिंकले. आणि १९९२ ते २००१ या काळात संघ सांभाळून संपूर्ण महिला क्रीडाविभागाच्या संचालकपदाचाही भार वाहिला. सकाळी अंदाजपत्रक, दुपारी मैदान.

या कथेला एक उलटी बाजू आहे आणि ती लपविणे योग्य होणार नाही. १९७२ साली अमेरिकेत महिला संघांच्या दहा प्रशिक्षकांपैकी नऊ स्त्रिया होत्या. पुढे पैसा आला, मान आला, आणि त्या जागांवर पुरुष येऊ लागले. स्त्रियांचे प्रमाण निम्म्याच्याही खाली गेले. स्त्रियांनी १९७१ साली स्थापिलेली त्यांची स्वतंत्र क्रीडासंघटना पुरुषांच्या जुन्या, सधन संघटनेपुढे दहा-अकरा वर्षांत बंद पडली. बहुतेक विद्यापीठांनी स्त्रियांचा क्रीडाविभाग पुरुषांच्या विभागात विलीन केला. टेनेसीत तो २०१२ पर्यंत वेगळा राहिला. त्याच वर्षी समिटबाईंनी पद सोडले.

ते त्यांनी का सोडले, हे सांगताना लेखणी जड होते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी वृद्ध माणसे आहेत. देवघरातून स्वयंपाकघरात आल्यावर कशासाठी आलो हे विसरणारी, मुलास भावाच्या नावाने हाक मारणारी. आपण ते वयाचे समजून घेतो. समिटबाई तेव्हा अवघ्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. सभेची वेळ विसरू लागल्या. सामना चालू असता कोणता डाव सांगावयाचा, ते ऐन वेळी सुचेना. जिने हजार सामने डोक्यात साठविले होते, तिला काल रात्रीचा सामना आठवेना. २०११ च्या मे महिन्यात तपासण्या झाल्या आणि निदान निघाले, अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा विकार, तोही अकाली जडलेला. ऑगस्टमध्ये त्यांनी ते स्वतः जगास सांगितले. अशा विकाराची घरातसुद्धा कुजबुज करण्याची आपली रीत; या बाईंनी नाव घेऊन सांगितले, आणि त्या हंगामात पुन्हा मैदानाच्या कडेला येऊन बसल्या. डाव सांगण्याचे काम बहुतांशी त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी आणि साहाय्यिका हॉली वॉर्लिक पाहत. मुली आपल्या बाईंकडे बघत, आणि बाई मुलींकडे.

१८ एप्रिल २०१२ रोजी त्या निवृत्त झाल्या. पद हॉली वॉर्लिक यांजकडे गेले. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्यांस अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. २०१३ मध्ये सॅली जेंकिन्स या लेखिकेच्या साहाय्याने त्यांनी आत्मचरित्र पुरे केले. स्मृती निसटत असता आठवणी सांगावयाच्या, हे काम कसे झाले असेल याची कल्पना करवत नाही. २८ जून २०१६ रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्या निवर्तल्या.

आता आपल्या अंगणात येऊ. बास्केटबॉल आपल्याकडे वाय.एम.सी.ए.च्या मार्गाने आला. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला व्यायामशिक्षणाचे महाविद्यालय काढले, तेथून शिकून गेलेल्या शिक्षकांनी तो गावोगावी नेला. आपल्या शेजारी अमरावतीला १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. आपल्याच राज्यात ग्वाल्हेरला १९५७ साली राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय निघाले, ते आज विद्यापीठाच्या दर्जाला पोहोचले आहे. आणि गोंदियाहून पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत बसल्यास काही तासांत भिलाई येते. तेथे राजेश पटेल या प्रशिक्षकांनी पोलाद कारखान्याच्या वसाहतीत मुलींच्या बास्केटबॉलचे असे केंद्र उभे केले, की छत्तीसगडच्या मुलींचा संघ देशात आघाडीवर आला आणि तेथील कित्येक मुली भारताकडून खेळल्या. २०१८ मध्ये पटेल वारले. पुण्याच्या शिरीन लिमये या मराठी मुलीने भारतीय संघाचे कर्णधारपद भूषविले आहे, हेही आपल्या घरांत फारसे कोणाला ठाऊक नसते.

तेव्हा ‘पुढे काय’ याचे रोखठोक उत्तर आम्ही चौकशी करून आणले. रेल्वेत खेळाडूंच्या राखीव जागा भरल्या जातात, आणि मुलींच्या बास्केटबॉलमध्ये रेल्वेचा संघ वर्षानुवर्षे बलाढ्य राहिला आहे. पदवीनंतर व्यायामशिक्षणाची बी.पी.एड. पदवी घेतल्यास शाळेत नोकरीचा मार्ग खुला होतो, एम.पी.एड. करून नेट किंवा सेट परीक्षा दिल्यास महाविद्यालयात. मध्य प्रदेशातील सरकारी महाविद्यालयांत क्रीडाधिकारी असे पद आहे, ते लोकसेवा आयोगामार्फत भरले जाते. या पदावरील व्यक्तीला संघ निवडावा लागतो, पैसा मागावा लागतो, प्रवासाची व्यवस्था पाहावी लागते, मुलींच्या पालकांची समजूत घालावी लागते. या जागांवर स्त्रिया अद्याप थोड्या आहेत. आणि मुलीस परगावी पाठविण्यास कचरणाऱ्या पालकांचा धीर, संघाबरोबर बाई असल्या तर केवढा वाढतो, हे आम्ही पाहिले आहे.

ही माहिती घेऊन आम्ही त्या घरी पुन्हा गेलो. क्रीडाधिकाऱ्याच्या पदाचे गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतले, वेतनश्रेणी एका कागदावर टिपून घेतली. समिटबाईंचे विजय, पदके, दहा लाख डॉलर यांचे त्यांस विशेष वाटल्याचे दिसले नाही. मग आम्ही त्या शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. तेव्हा ते थोडे पुढे सरकून बसले.

“घर किती दूर नेलं त्यांनी?” त्यांनी विचारले.

“फार नाही. शेजारच्याच जिल्ह्यात. आपल्याकडून गोंदियाला जावं, तेवढं समजा.”

“आणि शेती?”

“शेतीही करीत राहिले.”

ते काही बोलले नाहीत. आतून आजीबाईंनी विचारले, की संघाची गाडी सकाळी किती वाजता निघते आणि बरोबर चार दिवसांचे पोहे, चकल्या बांधून दिल्या तर चालतात काय. कन्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सकाळी साडेपाचला, म्हणाली. आणि बरोबर एक बाई येणार आहेत. वडिलांनी घड्याळाकडे पाहिले आणि गाडीपर्यंत आपण सोडावयास येऊ, असे सांगितले. परतीच्या दिवशी मात्र गाडी रात्री उशिरा पोहोचणार म्हणून तिच्या धाकट्या काकांना स्टँडवर उभे राहण्याची ताकीद तेथल्या तेथे फोनवरून देण्यात आली.